वाचून कायम

चिंचा झोडपायला बायका आल्या की मी परीक्षेच्या कामाला लागते. कॅलेंडर बघावं लागत नाही. आमच्या महाविद्यालयाच्या मागच्या अंगाला चिंचेची झाडं आहेत आणि रसायनशास्त्राची प्रयोगशाळा नेमकी त्याच बाजूला. मार्च संपत आला की खिडकीतून बांबूचे फटके ऐकू येतात, मग सायकल स्टँडच्या पत्र्यावर चिंचा पडल्याचा आवाज, मग बायकांचं बोलणं. प्रयोगशाळेत आधीच आम्लाचा वास, त्यात पिकल्या चिंचेचा मिसळला की मुलं एकमेकांकडं बघून हसतात. मुलींपैकी एखादी हळूच खाली जाऊन येते आणि पुढचा तासभर ब्युरेटचं वाचन करताना तिचा एक गाल फुगलेला असतो. मी बघून न बघितल्यासारखं करते. प्रयोगशाळेत काही खायचं नाही असा नियम आहे, आणि तो मी जून ते फेब्रुवारी काटेकोर पाळते.

याच दिवसांत व्हरांड्यात माठ येतात. खिडक्यांना ओली पोती लागतात. वर्षभर मागच्या बाकावर बसलेले अचानक पहिल्या बाकावर दिसू लागतात आणि "मॅडम, आयएमपी सांगा की" म्हणतात. पाण्याचा टँकर दिवसाआड येतो, म्हणून काचेची भांडी धुण्याचं वेळापत्रक मी फळ्यावर लिहून ठेवते. धाराशिवमध्ये एप्रिलात रसायनशास्त्र शिकवायचं म्हणजे निम्मं लक्ष पाण्याच्या टाकीकडं ठेवायचं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. कामाचा भाग आहे.

यंदा बायका आल्या त्याच दिवशी इस्माईलचाचा दारात उभे राहिले. चाचा आमचे शिपाई, मूळचे भूमचे, नोकरीची शेवटची दोन वर्षं उरलेली. काखेत परीक्षा समितीचं रजिस्टर.

"शनिवारी तीनला मिटिंग हाय, म्याडम. नोटिशीवर सही द्या."

मी नोटीस वाचली, विषय वाचले, पान उलटून मागचं वाचलं आणि मग सही केली. चाचा भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांना आता सवय झाली आहे. पूर्वी रसायनशास्त्र विभाग त्यांच्या फेरीतला सगळ्यात झटपट उरकणारा विभाग होता. आता सगळ्यात वेळखाऊ आहे, असं ते ऑफिसात सांगतात. खरं आहे. या बदलाला दोन वर्षं झाली, आणि चिंचेचा वास आला की मला परीक्षेच्या आधी तो उन्हाळा आठवतो.

आमचं महाविद्यालय काही वर्षांपूर्वी स्वायत्त झालं. बाहेरच्यांना या शब्दाचा फारसा अर्थ लागत नाही. माझ्या नणंदेला, जी माकणीला असते, वाटलं होतं की आता आमचा पगार कोण देणार कुणास ठाऊक. मी तिला सांगितलं, पगार तसाच, फक्त परीक्षा आता विद्यापीठ घेणार नाही, आम्हीच घेणार. वेळापत्रक आमचं, प्रश्नपत्रिका आमच्या, निकाल आमचा. त्यासाठी समित्या. परीक्षा समितीत सात जण: प्राचार्य, उपप्राचार्य, परीक्षा नियंत्रक आणि आम्ही चार शिक्षक. कार्यालयातले लोमटे बाबू इतिवृत्त लिहायला, त्यांना मत नाही. सगळे निर्णय शिक्षकांनी आणि प्रशासनानं मिळून घ्यायचे, असं नियमात लिहिलेलं आहे.

स्वायत्ततेसाठी जो जाड अहवाल पाठवला होता, त्यात कारभारातल्या सहभागाचं प्रकरण मी लिहिलं होतं. चांगलं लिहिलं होतं. आमच्याकडं किती समित्या आहेत, त्या किती नियमित भरतात, शिक्षकांचा शब्द कसा विचारात घेतला जातो. पुरावा म्हणून रजिस्टरं जोडली. तपासणीला आलेल्या लोकांनी ती चाळली आणि कौतुक केलं. एकही पान कोरं नव्हतं, एकही सही राहिलेली नव्हती.

राहणार कशी? सभा भरतच नव्हती. लोमटे बाबू आधी इतिवृत्त लिहायचे, मग चाचा रजिस्टर घेऊन विभागाविभागात फिरायचे आणि आम्ही सह्या करायचो. कुणी तास घेताना, कुणी जेवणाच्या डब्यावरून हात पुसत. आमच्याकडं याला "मिटिंग फिरली" म्हणतात. मिटिंग झाली का, असं कुणी विचारत नसे. फिरली का, असं विचारत. लोमटे बाबूंचं अक्षर मोत्यासारखं आणि वाक्य कायम एकच: "वरील विषयावर सखोल चर्चा होऊन सर्वानुमते असे ठरले की." त्या "की"च्या पुढं प्राचार्यांनी सांगितलेलं यायचं. चर्चा नेहमी सखोल असायची. उथळ चर्चा झाल्याची एकही नोंद आमच्या दप्तरात नाही.

हे प्राचार्यांनी आमच्यावर लादलं असं म्हणणं सोपं आहे. तसं नव्हतं. सभा न भरणं आम्हालाही सोयीचं होतं. दुपारी तीनची मिटिंग म्हणजे साडेपाचपर्यंत अडकणं, घरी जाता जाता भाजी आणायची राहणं. त्यापेक्षा सही करून मोकळं होणं बरं. बोलायचं असेल ते आम्ही स्टाफरूममध्ये चहावर बोलत होतोच, आणि तिथं आमच्याइतकं धारदार कुणी नव्हतं. इतिहासाचे गायकवाड सर, तेही परीक्षा समितीत, त्या बोलण्याचे म्होरके. ते म्हणायचे, निजामाच्या काळात अर्ज तरी करावा लागायचा, इथं हुकूमनाम्यावर आपणच अंगठा उठवतो आणि वर चहा मागतो. सगळे हसायचे. मग चाचा यायचे आणि गायकवाड सर सगळ्यात आधी सही करायचे, कारण त्यांचं नाव यादीत वर होतं.

त्या उन्हाळ्यात एके दिवशी मी टायट्रेशनच्या मध्यावर होते. तिसऱ्या वर्षाची प्रात्यक्षिकं, हातावर परमँगनेट. चाचा आले, रजिस्टर उघडून धरलं, मी ओल्या हातानं सही केली. पानावर तपकिरी डाग पडला. वर काय लिहिलं होतं ते बघितलं नाही.

चार दिवसांनी फलकावर परिपत्रक लागलं. वार्षिक परीक्षा सकाळी साडेसात ते साडेदहा.

मला ते आधी बरंच वाटलं. उन्हाच्या आत परीक्षा आटोपणार. आमच्याकडं एप्रिलात दुपारी बारानंतर डांबर चपलेला चिकटतं. मी घरी येऊन यजमानांना सांगितलं की यंदा अकराला घरी येत जाईन.

दुसऱ्या दिवशी करुणा तिच्या आईला घेऊन आली. करुणा तिसऱ्या वर्षाला, माझ्या विषयाची. तेरणेच्या काठच्या एका गावातून रोज एसटीनं येणारी. हुशार म्हणता येईल अशी नाही, पण तिची वही मी इतरांना दाखवायची. चुकलेलं वाचन ती खोडायची नाही, एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहायची. आई चिंचा फोडायच्या कामावरून थेट आली होती. बोटांची टोकं चिंचेनं काळी पडलेली. ती प्रयोगशाळेत आत यायला तयार नव्हती, उंबऱ्यावरच उभी राहिली.

"म्याडम, आमच्या गावची पयली गाडी पावनेआठला निघती," ती म्हणाली. "हितं नऊला. मग साडेसातचा पेपर कसा द्यायचा पोरीनं?"

मी म्हणाले, आधी मुक्कामाची गाडी होती ना? रात्री गावात थांबायची, पहाटे निघायची.

"व्हती. बंद केली दिवाळीपासनं. काळी-पिवळी जीप हाय, पर ती भरल्याबिगर निघत न्हाय. सकाळच्याला कोण भरतंय तिला?"

शहरात कुणी नातेवाईक? नव्हते. मुलींचं वसतिगृह दुरुस्तीसाठी बंद होतं. खोली घेऊन पंधरा दिवस एकटीनं राहायचं, हे तिच्या वडिलांना मान्य नव्हतं. आई म्हणाली, ते म्हणतेत, र्‍हाऊ दे, पुढच्या साली दे. करुणा खाली बघत उभी होती. पुढच्या सालचा अर्थ तिला कळत होता आणि मलाही. आमच्याकडं मुलीचं "पुढच्या साली" क्वचित येतं. मध्ये एक मे महिना येतो, आणि मे महिन्यात लग्नं असतात.

जाताना आई म्हणाली, "तुमीच ठरवतासा न्हवं हे? मंग बदला की."

तिला स्वायत्तता कुणी समजावून सांगितली नव्हती. तिला ती बरोबर कळली होती.

मी वर्गात कागद फिरवला. गाव लिहा, पहिली गाडी किती वाजता निघते ते लिहा, इथं कितीला पोचते ते लिहा. माझ्या एकट्या वर्गात नऊ मुली आणि चार मुलं साडेसातला पोचू शकत नव्हती. दुपारी मी एसटीच्या आगारात गेले. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं आणि नीट नकार दिला. गाड्या कमी आहेत, चालक कमी आहेत, पंधरा दिवसांसाठी मुक्काम सुरू करता येणार नाही. त्यांचं खोटं नव्हतं. आवारात उभ्या गाड्या मी मोजू शकत होते.

मग प्राचार्यांकडं गेले. आमचे प्राचार्य गणिताचे, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे, कमी बोलणारे. त्यांनी कागद वाचला. म्हणाले, मुद्दा गंभीर आहे, पण निर्णय समितीचा आहे. मी म्हणाले, कुठल्या समितीचा? त्यांनी कपाटातून रजिस्टर काढलं, पान उघडलं आणि माझ्याकडं फिरवलं. सखोल चर्चा होऊन सर्वानुमते असे ठरले की. खाली सात सह्या. तिसरी माझी, तपकिरी डागासकट.

"मॅडम, तुमची सही आहे," ते म्हणाले. टोमणा मारल्यासारखं नाही. सहीकडं बघून सही आहे म्हणतात तसं.

सभा झालीच नाही म्हणावं, तर मी खोट्या इतिवृत्तावर सही केली होती. झाली म्हणावं, तर मी याला संमती दिली होती. पंचवीस वर्षं मुलांना सांगत आले की स्वतः न बघितलेलं वाचन वहीत लिहायचं नाही. आणि वर्षानुवर्षं मी न बघितलेल्या सभांवर सह्या करत होते.

त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत नळ यायचा होता. आमच्याकडं नळ आठवड्यातून एकदा येतो आणि किती वाजता ते नक्की नसतं. पाणी आलं की आधी चढावरची घरं भरतात, कारण दाब गेला की तिथं चढत नाही. ही पद्धत मी लग्न होऊन आले तेव्हापासून आहे आणि दर उन्हाळ्यात तिच्यावर भांडण होतं. त्या दिवशीही झालं. खालच्या घरी बारसं होतं, त्यांना आधी हवं होतं. सगळ्या बायका रस्त्यावर आल्या, कमरेवर हात ठेवून बोलल्या, एकीनं दुसरीच्या मागच्या वर्षीच्या पाण्याच्या मोटारीचा विषय काढला, आणि शेवटी बारशाच्या घराला अर्धा तास आधी द्यायचं ठरलं. एक बाई ठरल्यावरही म्हणत राहिली की हे काही बरोबर नाही, पण आपली मोटार तिनं अर्धा तास बंद ठेवली. मी बादली घेऊन उभी होते. आमच्या गल्लीला इतिवृत्त नाही. पण सभा होते.

दुसऱ्या दिवशी मी गायकवाड सरांना गाठलं. मी त्यांना म्हणाले, परीक्षेआधी पर्यवेक्षक नेमायला आणखी एक मिटिंग फिरेल. तिचं रजिस्टर आलं की सही करायची नाही. त्यांनी विचारलं, मग काय करायचं? मी म्हणाले, जायचं.

"कुठं?"

"मिटिंगला."

त्यांना हे पटायला वेळ लागला. त्यांच्या मते यात काहीतरी नियमबाह्य होतं.

चाचा नोटीस घेऊन आले. मी सहीऐवजी लिहिलं, "सभेस उपस्थित राहीन. कृपया ठिकाण कळवावे." चाचांनी वाचलं आणि म्हणाले, म्याडम, असं कुणी लिहीत न्हाय. गायकवाड सरांनी त्याखाली लिहिलं, "मीही." त्यानंतर तासाभरानं लोमटे बाबू स्वतः विभागात आले. अंगानं मोठा माणूस, सहसा जागा सोडत नाही. घाम पुसत म्हणाले की मॅडम, ठिकाण काय लिहू? इतक्या वर्षांत या समितीला ठिकाण लागलेलं नव्हतं.

सभा प्राचार्यांच्या खोलीत भरली. सात खुर्च्या नव्हत्या, शेजारच्या खोलीतून दोन आणल्या. कूलरच्या आवाजात ऐकू येईना म्हणून तो बंद केला, आणि मग सगळे घामानं भिजत बसलो. उपप्राचार्यांनी रुमाल कॉलरमध्ये खोचला. लोमटे बाबूंनी विषयपत्रिका वाचली. विषय क्रमांक एक: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.

हे वाक्य प्रत्येक विषयपत्रिकेवर असतं. त्याच्याकडं कुणी बघत नाही. लग्नपत्रिकेवर गणपती असतो तसं ते वर असतं. मी आदल्या दिवशी नियमांची पुस्तिका काढून बघितली होती. त्या एका ओळीचा अर्थ असा होतो की लिहिलेलं पुढच्या सभेनं वाचून मान्य करेपर्यंत पक्कं होत नाही.

उपप्राचार्य म्हणाले, कायम. परीक्षा नियंत्रक म्हणाले, कायम.

"वाचा," मी म्हणाले.

लोमटे बाबूंनी प्राचार्यांकडं बघितलं. प्राचार्यांनी मान हलवली. बाबूंनी वाचलं, आणि मोठ्यानं वाचल्यावर ते वाक्य फारच विचित्र वाटलं. त्यांनाही वाटलं असावं, कारण "सखोल"पाशी त्यांचा आवाज बसला.

मी म्हणाले, "हे कायम करता येणार नाही. ही सभा झालेली नाही. खालची सही माझी आहे, ती मी न वाचता केली. ती माझी चूक आहे, तीही लिहून घ्या."

बाहेर बायका चिंचा झोडपत होत्या, ते एकदम मोठ्यानं ऐकू आलं. गायकवाड सर, ज्यांनी स्टाफरूममध्ये निजामापासून आजवरच्या सगळ्या राजवटी उलथवल्या होत्या, पेनचं टोपण काढत-लावत होते. मग प्राचार्य म्हणाले की मॅडम, हे असं लिहिलं तर एकट्या तुमच्यावर येणार नाही, सातही जणांवर येईल. पुढच्या वर्षी पुन्हा तपासणी आहे. हेच रजिस्टर त्यांच्यासमोर ठेवायचं आहे.

मला ते माहीत होतं. मी रात्रभर वगैरे जागले नव्हते, पण हिशेब केला होता. कारणे दाखवा नोटीस येऊ शकते. स्वायत्ततेचं नूतनीकरण अडू शकतं, आणि ते अडलं तर त्याचं खापर कुणावर फुटेल हे सांगायला नको. मी म्हणाले, हो सर, माहीत आहे.

प्राचार्यांनी रजिस्टर ओढून ते पान पुन्हा वाचलं. मग लोमटे बाबूंना म्हणाले, लिहा: मागील सभेचे इतिवृत्त कायम करण्यात आले नाही, कारण त्यातील विषयावर समितीत प्रत्यक्ष चर्चा झालेली नाही, सदर विषय आज चर्चेस घेण्यात येत आहे.

मी ते वाक्य मनात दोनदा म्हणून बघितलं. त्यात खोटं काही नव्हतं आणि कुणाचा बळीही नव्हता. हे मला सुचलं नसतं. चूक दाखवणं शिक्षकाला येतं. चूक कबूल करून कागद पुढं चालेल असं लिहिणं हे वेगळं कौशल्य आहे, आणि ते त्या खुर्चीत बसणाऱ्याकडं होतं. तोवर मी प्रशासनाला कौशल्य मानत नव्हते.

मग खरी चर्चा झाली. सखोल म्हणणार नाही, लांबली मात्र भरपूर. मी कागद ठेवला: गावं, गाड्या, वेळा. प्राचार्यांनी त्यांचं कारण सांगितलं. आदल्या वर्षी वरच्या मजल्यावर एक मुलगी तिसऱ्या तासाला भोवळ येऊन बाकावरून पडली होती. आम्ही ऐकलं होतं. तिला गाडीत घालून दवाखान्यात नेणारे ते स्वतः होते, हे मात्र ऐकलं नव्हतं. ते म्हणाले, तुम्ही तेरा मुलांचं बोलताय, मी सगळ्यांचं बोलतोय. हे बोलणं मला लागलं, कारण त्यात तथ्य होतं. मी म्हणाले, ऊन सगळ्यांना लागेल, पण परीक्षा या तेरा जणांचीच जाईल, आणि इतर वर्गांतल्या अशा मुलांची वेगळी. गायकवाड सरांना अखेर कंठ फुटला. त्यांनी सुचवलं की वरचा मजला वापरूच नका, तळमजल्यावर आणि सभागृहात बसवा, माठ वाढवा. ते काम उपप्राचार्यांच्या अंगावर येणार होतं, म्हणून त्यांनी सभागृहाचे पंखे कसे चालत नाहीत याची तपशीलवार माहिती दिली.

मतं घेतली. मला वाटलं होतं चार शिक्षक एका बाजूला आणि तीन अधिकारी दुसऱ्या. तसं झालं नाही. आमच्यातल्या वाणिज्यच्या सरांनी साडेसातला मत दिलं. त्यांना रक्तदाब आहे आणि दुपारी त्यांनाही भोवळ येते. आणि परीक्षा नियंत्रकांनी दहाला मत दिलं, कारण साडेसातच्या पेपरासाठी त्यांना पहाटे येऊन प्रश्नपत्रिकांची खोली उघडावी लागली असती. करुणाचं वर्ष त्यांच्या झोपेनं वाचलं, असं गायकवाड सर अजून म्हणतात. चार विरुद्ध तीन. परीक्षा दहा ते एक.

लोमटे बाबूंनी सवयीनं लिहायला सुरुवात केली: वरील विषयावर सखोल चर्चा होऊन सर्वानुमते—

"थांबा," प्राचार्य म्हणाले. "सर्वानुमते नाही. माझा विरोध लिहा. कारणासकट."

बाबूंचं पेन वर राहिलं. त्यांनी विचारलं की सर, ते वाक्य कसं असतं? त्यांची थट्टा करायचा कुणाचाच इरादा नव्हता. एवढ्या मोठ्या दप्तरात त्यांनी असं वाक्य कधी लिहिलंच नव्हतं, आणि आमच्यातल्या कुणालाही ते पाठ नव्हतं. मग आम्ही सातही जणांनी मिळून ते तयार केलं. "प्राचार्यांनी विरोध दर्शविला" की "नोंदविला" यावर पाच मिनिटं गेली. "उष्म्यामुळे" की "उन्हामुळे" यावर गायकवाड सर आणि उपप्राचार्य अडून बसले. शेवटी प्राचार्य म्हणाले, ऊन लिहा, आपल्याकडं ऊनच आहे. बाहेर पडलो तेव्हा सहा वाजले होते आणि माझी भाजी राहिली होती.

एप्रिल त्या वर्षी कडक निघाला. सभागृहातले निम्मे पंखे दुरुस्त झाले, निम्मे नाही. सव्वानऊला बसस्टँडकडून मुला-मुलींचे घोळके यायचे, डोक्यावर ओढण्या, रुमाल, हातात प्लास्टिकच्या बाटल्या. करुणा पहिल्या दिवशी मला दिसली, दुसऱ्या दिवशी दिसली, नंतर मी बघायचं सोडलं. पेपराला बसलेल्या पोरीकडं रोज काय बघायचं. तिचे सगळे पेपर झाले.

चौथ्या पेपराला साडेबाराच्या सुमारास वाणिज्यच्या एका मुलीला भोवळ आली. सभागृहात, तळमजल्यावर, गायकवाड सरांच्या योजनेनुसार. तोंडावर पाणी मारलं, मीठ-साखर दिली, ती उठून बसली आणि म्हणाली, मला पेपर पुरा करायचाय. तिनं तो केला. पण तिच्या वडिलांना कुणीतरी फोन केला होता. गावातले वजनदार वकील. दुपारी ते प्राचार्यांच्या खोलीत आले तेव्हा मी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांची पोच घ्यायला तिथंच उभी होते. गठ्ठे हातात घेऊन मी भिंतीकडं सरकले.

वकीलसाहेबांचा आवाज व्हरांड्यापर्यंत जात होता. सगळीकडं सकाळच्या परीक्षा असताना इथंच दुपारची का? आधी साडेसातचं परिपत्रक निघालं होतं, ते कुणी फिरवलं? असला अक्कलशून्य निर्णय कुणाचा? मला नाव पाहिजे, ते म्हणाले.

नाव तिथंच उभं होतं. प्राचार्यांच्या मागच्या कपाटात रजिस्टर होतं, त्यात त्यांचा विरोध होता, कारणासकट, ऊन हा शब्द घालून. ते बरोबर ठरले होते. पान उघडून समोर ठेवलं असतं तर दोन मिनिटांत मोकळे झाले असते. मी त्यांच्या जागी असते तर काय केलं असतं, हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला आणि उत्तर फारसं आवडलं नाही.

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. कपाटाकडंही नाही. वकीलसाहेबांना बसायला सांगितलं, पाणी दिलं.

"आम्ही ठरवलं," ते म्हणाले. "गावाकडच्या पोरांची पहिली गाडी नऊला येते. मुलीला झालेल्या त्रासाबद्दल माफी मागतो. उद्यापासून सभागृहात कूलर लावतो. वेळ मात्र हीच राहील."

वकील आणखी थोडा वेळ बोलले, मग आवाज खाली आला, मग गेले. मी गठ्ठे टेबलावर ठेवले. प्राचार्यांनी पोचपावतीवर सही करायला पेन उचललं, आकडा वाचला, गठ्ठे एकदा नजरेनं मोजले आणि सही केली. मग म्हणाले, मॅडम, दहाऐवजी साडेनऊला ठेवता आली असती, अर्धा तास उन्हातून वाचतो. पुढच्या खेपेला विषय घेऊ का?

मी म्हणाले, नऊची गाडी कधी कधी वीस मिनिटं उशिरा येते. आगारात विचारते आणि मग सांगते.